एका सुईवर भरवसा

कुशाबा एसटीतून भुकूमला उतरला तो पेढ्यांचा पुडा हातात घेऊनच. लघवी अडते म्हणून पुण्याच्या दवाखान्यात गेला, तर डॉक्टरांच्या बोटाला लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीवर टणक गाठ लागली होती. कॅन्सर आहे की नाही ते तुकडा तपासल्याशिवाय कळणार नाही, असं म्हणून त्यांनी जाड सुईने मांसाचा बारीक तुकडा काढला होता. आज निकाल होता.

“काय न्हाई निघालं!” दारातूनच तो ओरडला. “तुकडा चांगला हाय. घे, पेढा खा.”

रंभाबाईने डोळे पुसले, एक पेढा देवापुढे ठेवला, एक शेजारच्या गोजराबाईला दिला. मग नवऱ्याला पाणी देताना सहज विचारलं, “मंग आता डॉक्टरकडं जायाचं न्हाई ना?”

कुशाबा पुडा बांधायला लागला. दोऱ्याची गाठ काही बसेना.

“त्यो म्हंतोय, परत ये. परत सुई घालू.”

“का वं?”

“गाठ अजून बोटाला लागतीया म्हनं. सुई बाजूनं गेली आसंल. आसंल! म्हंजी त्यालाच ठावं न्हाई. मी काय जात न्हाई. एकदा सुटलोय, परत कशाला मान द्यायची?”

“मान कुटं मागतोय त्यो!” गोजराबाई म्हणाली. कुशाबाने तिच्याकडे असं पाहिलं, की उरलेला पेढा तोंडात टाकून ती घरी निघून गेली.

रंभाबाईने मात्र हातातला पेढा ताटलीत ठेवून दिला. गाठ बोटाला लागते आणि तुकड्यात सापडत नाही, तर ती गेली कुठे? पण वाद घालून हा माणूस बधत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याचा तांदूळ खरेदीचा धंदा. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, आत आलेले दाणे तळहातावर घ्यायचे आणि मगच भाव बोलायचा.

“पिरंगुटच्या बाजारात वाल्मीकचं पोतं का परत केलंत?” तिने विचारलं.

“वर आंबेमोहोर, पोटात जाडा. लबाड लेकाचा!”

“पर सळईत तर चांगला तांदूळ आला व्हता म्हनं.”

“पैल्यांदा आला. पर पोतं हाताला येगळंच लागत व्हतं. म्हून दुसऱ्या अंगानं घातली, मंग बुडाशी...” बोलता बोलता तो थांबला.

“पोत्याला तीनदा,” रंभाबाई म्हणाली, “आन् सवताला एकदाच?”

“पोतं वरडत न्हाई, बये!”

“तुमी वरडा की. मी बसते भायेर.”

तो ओरडलाही. डॉक्टरांनी या खेपेला तीन ठिकाणचे तुकडे काढले. नर्स बाहेर येऊन विचारू लागली, “बाई, हे घरीसुद्धा असेच ओरडतात?”

“न्हाई, घरी मी आसते ना.”

पुढच्या आठवड्यात निकाल आला. डाव्या बाजूच्या तुकड्यात कॅन्सर होता. कुशाबा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. रंभाबाईने खुर्चीची कड घट्ट धरली.

“पण तुकड्यांबरोबर काढलेले हाडांचे फोटो स्वच्छ आहेत,” डॉक्टर म्हणाले. “बाहेर पसरल्याची खूण नाही. रोज गोळी घ्या, दर महिन्याला दाखवायला या. याला आपण दाबून ठेवू. तुम्ही परत आलात हे फार बरं केलंत.” मग ते जरा खाकरले. “एकच आहे. बायकांच्या शरीरात जे द्रव्य असतं, तसलं या गोळीत आहे. तेव्हा छाती थोडी भरून येईल. घाबरू नका.”

कुशाबाने झटकन मान वर केली. रंभाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

स्टँडवर आल्यावर त्याने सदऱ्याची वरची गुंडी लावली. मग म्हणाला, “लोक काय म्हंतील?”

“म्हनू द्यात. तुमी हायसा तवर मला लोकांचं काय? चोळ्या मी शिवीन.”

तो तिच्यावर डोळे वटारणार होता, पण त्याआधीच त्याच्या मिशा थरथरायला लागल्या. एसटीत बसल्यावर तो मधूनच फिसकन हसे, की पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघे.

“खन हिरवा घे,” गाडी शहराबाहेर पडल्यावर तो तिच्या कानाशी लागून म्हणाला. “लाल मला शोभायचा न्हाई.”