नवख्या गावचं पाणी

दौलतराव आदिलाबादकडच्या बाजारहत्नूरहून निघाले ते समुद्र पाहायला नव्हे, पोरीला परत आणायला. त्यांची सारी उमर तहसील कचेरीत कारकुनी करण्यात गेली. कचेरीत त्यांचं कोणी फारसं ऐकत नसे, म्हणून ती कसर घरी भरून निघायची. घरात त्यांच्या तोंडून शब्द पडला की तो तामील व्हायचा. धाकटी वृषाली तेवढी आडवळणाची निघाली. ज्या जिल्ह्यात समुद्र फक्त नकाशात निळा दिसतो, तिथली ही पोर मासोळ्यांचं शास्त्र शिकायला, भांडून पण बापाचा होकार घेऊनच, थेट रत्नागिरीला गेली आणि शिक्षण संपल्यावर तिथल्याच एका प्रयोगशाळेत चिकटली. किनाऱ्याच्या खडकांवर जे जीव राहतात, त्यांचा अभ्यास करायचा, हे तिचं काम. आता ह्याला नोकरी म्हणायचं, तर मग डबक्यात बेडूक पाहणारी सगळी पोरं सरकारी नोकरच म्हणायची!

आदिलाबादच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा निघाली आणि दौलतरावांनी शब्द टाकून ती अडवून धरली. वृषालीला फोन केला. "मी तुले न्यायले येऊन राह्यलो."

पोरगी भांडेल म्हणून त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती. पण ती एवढंच म्हणाली, "या बाबा. फक्त दोन दिस रायजा. गाव दाखवतो तुमाले."

तिथेच दौलतरावांचे कान टवकारले. मुकाट्यानं कबूल होणारी पोर ही नव्हे. गाव दाखवून, खाऊपिऊ घालून बापाला भुलवायचा हा डाव आहे, हे त्यांनी गाडीत बसायच्या आधीच ओळखलं. "तिले म्हणा, तुहा बाप कच्चा नाई," असं बायकोला, मनकर्णाबाईंना, दरवाजात उभ्याउभ्या सांगून ते निघाले.

रत्नागिरी स्टेशनावर उतरल्या उतरल्या वृषालीनं पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी हातानं बाजूला सारली. "नळ कोठी हाय?"

हा त्यांच्या घरचा रिवाज होता. वृषालीच्या आजोबांना गावच्या विहिरीवर दोर टाकायची मुभा नव्हती. रिकामी घागर घेऊन ते लांब बसायचे आणि कोणाला दया आली तर वरून पाणी पडायचं. पुढे महाडच्या तळ्याची गोष्ट गावात पोचली, बुद्धाला शरण जाणं झालं, आणि म्हाताऱ्यानं एक नेम केला. नवख्या गावात पाय ठेवला की आधी तिथलं सगळ्यांचं जे पाणी असेल ते चारचौघांत, ताठ उभं राहून, आपल्या ओंजळीनं प्यायचं. मग गाव चांगलं की वाईट ते बोलायचं. दौलतराव नागपूरचं पाणी प्यायले होते, हैदराबादचं प्यायले होते, नांदेडचं तर तीनदा. स्टेशनावरच्या नळाचं पाणी पिऊन त्यांनी मिशा पुसल्या आणि निकाल दिला, "बरं हाय. पण आपल्या हिरीची सर नाई."

दुपारी वृषाली त्यांना विमलबाईंच्या खानावळीत घेऊन गेली. चार बाकडी, भिंतीवर पंखा, आणि आत तळणाचा असा वास की दौलतरावांची भूक रस्त्यातच जागी झाली. डाव नंबर एक, त्यांनी मनाशी म्हटलं.

"कुठून आलात हो?" विमलबाईंनी ताट ठेवत विचारलं.

"आदिलाबाद."

"म्हणजे कुठे आलं ते?"

"तेलंगणात."

"अगोबाई! पण मराठी किती छान बोलता!"

दौलतरावांना हे काही आवडलं नाही. आपल्याच मायबोलीबद्दल शाबासकी कोण घेईल? पण उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं, कारण त्यात सुरमईची तुकडी होती. प्राणहिता नदीचे मासे त्यांनी जन्मभर खाल्ले होते, पण हे प्रकरण वेगळं होतं. तांदळाची भाकरी ओठांनी तुटत होती. वाटीत शिंपले घातलेली आमटी आली तेव्हा ते दचकले, आणि दोन शिंपले चोखल्यावर वाटी पुढे सरकवून आणखी मागू लागले. मग आली गुलाबी रंगाची सोलकढी. "ताकात रंग कायले टाकला?" असं विचारून त्यांनी एक घोट घेतला, थांबले, आणि ग्लास रिकामा करून बोलले, "आणा अजून."

विमलबाई वृषालीजवळ उभ्या राहून हळू आवाजात काही विचारत होत्या. वृषाली त्यांच्याशी निराळ्याच, इथल्या मराठीत बोलत होती. निघताना बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावला. नाटक चांगलं बसवलंय, दौलतरावांना वाटलं.

मग मिरकरवाड्याच्या बंदरावर रंगीत होड्या झाल्या. रत्नदुर्ग किल्ला चढून झाला. मांडवीच्या धक्क्यावर भेळ झाली. समुद्र प्रत्येक ठिकाणी होता, आणि वाटेत झाडांआडून, घरांच्या फटींतूनही डोकावत होता. दौलतराव मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. पाणीच तर आहे! प्राणहिता पुरात असली की दुसरा काठ दिसत नाही, तेही पाणीच.

उन्हं कलली तेव्हा वृषाली म्हणाली, "बाबा, आता ओहोटी हाय. चला, माह्या जागेवर."

रस्ता एका वळणावर उतरला आणि समोर काहीच उरलं नाही. झाड नाही, घर नाही, काठ नाही. होतं ते फक्त पाणी, आणि ते जिथं संपायला हवं तिथं आभाळ सुरू होत होतं. दौलतरावांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून "बापा!" एवढंच निघालं. एवढं मोठं काही जगात आहे आणि आपण ते न पाहता म्हातारे झालो, याची त्यांना लाज वाटली आणि रागही आला.

मग त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ पाण्यात शिरले.

"बाबा, खारं हाय ते!" वृषाली मागून ओरडली.

"माहीत हाय मले!"

आसपास लोक होते, पोरंटोरं होती. त्या सगळ्यांच्या देखत दौलतराव ताठ उभे राहिले, वाकून ओंजळ भरली आणि प्यायले. थुंकले नाहीत, गिळलं. घसा जळाला, ठसका लागला, डोळ्यांतून धारा लागल्या. कोणीतरी हसलं. वृषाली धावत आली आणि त्यांची पाठ चोळू लागली.

ठसका थांबला तरी दौलतराव समोरच पाहत होते.

"तुह्या आजोबाले इथं कोणी अडवलं असतं का वं?"

"अं?"

"अडवणारा उभा कोठी रायला असता? याले काठच नाई."

वृषालीनं त्यांचा हात धरला आणि उघड्या पडलेल्या काळ्या कातळावर नेलं. खड्ड्यांमध्ये ओहोटीचं पाणी थांबलं होतं. "वाका," ती म्हणाली. दौलतराव वाकले. आधी नुसता दगडच दिसला. मग त्या दगडावर एक फूल उमललं, वृषालीनं पाण्यात बोट घातलं तशी त्याच्या पाकळ्यांनी ते हळूच धरलं. फूल नव्हतं ते, जीव होता. नखाएवढा खेकडा दुसऱ्याचा शंख घर म्हणून ओढत चालला होता. काचेसारखी कोळंबी होती, तिच्या पोटातलं सगळं दिसत होतं. हातभर डबक्यात एवढी वस्ती! दौलतरावांनी श्वास रोखून धरला, जणू आपल्या श्वासानं ती उठून जाईल.

वृषाली एकेकाचं नाव सांगत होती, आणि सांगता सांगता बापाला विसरून गेली. ओल्या दगडावर गुडघे टेकून ती पुढच्या डबक्याकडे सरकली, तिथून त्याच्या पुढच्या. दौलतराव तिच्याकडे पाहत राहिले. ही आपली पोर. रात्री परसात जायला मायचा पदर धरणारी. आणि ह्या अफाट समुद्राच्या अंगणात ती अशी फिरत होती, जसं कोणी आपल्या घरात फिरावं. समुद्रापेक्षा त्यांना तिचंच नवल वाटलं, आणि थोडी भीतीसुद्धा. डाव म्हणावा तर तो लागू पडला होता, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं.

पाणी चढू लागलं तशी ती उठली. "चला बाबा. भरती आली."

"बस जरा. शाळेचं बोलायचं हाय."

"बोलायचं काय त्यात? काल राजीनामा लिवून ठेवला म्या. उद्या सकाळी देतो. बॅगबी भरली." तिनं ओले हात ओढणीला पुसले. "तुमच्या शब्दाबाहेर म्या कधी गेली का? फक्त वाटलं, सोडाच्या आधी तुमाले एकदा दाखवावं. विमलकाकूलेबी तेच सांगतलं दुपारी."

दिवसभर दौलतराव ज्या डावाशी लढत होते, तो डाव नव्हताच. ती निरोप घेत होती, खानावळीचा, बंदराचा, ह्या कातळाचा, आणि बापाला जेवू घालून घेत होती. त्यांच्या शब्दाला आजवर घरात कोणी नाही म्हटलं नव्हतं, याचा त्यांना जन्मभर अभिमान होता. पहिल्यांदाच त्यांना तो शब्द नकोसा झाला.

"तो राजीनामा फाडून टाक," ते म्हणाले.

"आन शाळा?"

"शाळेले मास्तर लय भेटते."

"तुमी शब्द देल्ला हाय ना बाबा तिथं."

"म्या देल्ला, म्या वापस घेईन. तोंड माहं हाय." ते मुद्दाम खेकसले. "आन चाल, ती बॅग रिकामी कर आधी. तुह्या मायले सुकट न्याची हाय. तुहे कपडे त्यात कायले?"

तोंड ओंजळीत झाकून वृषाली तिथंच खडकावर बसली आणि लहानपणी रडायची तशी मोठ्यानं रडू लागली. पाणी दौलतरावांच्या घोट्यांपर्यंत आलं तरी ते तिच्याजवळून हलले नाहीत.