सासवडचं पान

बाबा गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर चारशे अकरा पानं होती. इंग्रज लोकांचा इतिहास, मराठीत. कॉलेजात शिकवता शिकवता एकवीस वर्षं लिहिलेला. अँगल आणि सॅक्सन होड्यांतून आले, मागून डेन, मग नॉर्मन. दरबारात जवळजवळ तीनशे वर्षं फ्रेंचच चालली. हे सगळं त्यात होतं. शेवटच्या प्रकरणाचं फक्त नाव होतं, 'परके इंग्रज केव्हा झाले?' खाली कोरी पानं.

इंदूरच्या प्रकाशकांनी कळवलं, दिवाळीपर्यंत प्रकरण पुरं करून द्या, मग बघू; हल्ली मागणी इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या पुस्तकांना आहे. माझा भाऊ सुहास तेराव्यानंतर अमेरिकेला परतताना म्हणाला होता, तूच लिहून टाक, ताई, तुला त्यांचं सगळं पाठ आहे. मलाही वाटायचं, बाबांना वेळ पुरला नाही, एवढंच. दीड महिना रोज बसले. एक ओळ झाली नाही.

पिढ्यान्पिढ्यांची नावं ठेवणाऱ्या पंड्यांच्या वहीत बाबांची नोंद करायची राहिली होती, म्हणून एका सकाळी इथल्याच सिद्धवट घाटावर गेले. म्हाताऱ्या पंडाजींनी मूळ गाव विचारलं. त्यांच्या वह्या गावावरून लावलेल्या असतात. सासवड म्हटल्यावर त्यांनी एका लांबट वहीची दोरी सोडली. आजोबा गेले तेव्हाची, १९६८ची नोंद बाबांच्या अक्षरात होती. आमच्या पाच पिढ्या उज्जैनला जन्मल्या. बाबा सासवडला एकदाही गेले नव्हते, आणि चिडले की घरातही हिंदीतच बोलत. तरी गावाच्या जागी त्यांनी आधी उज्जैन लिहून खोडलं होतं आणि पुढे सासवड लिहिलं होतं.

मी उज्जैन लिहायला घेतलं.

"दीदी, गाँव वही रहने दो," पंडाजी म्हणाले. "बदल दिया तो पीछे आने वाला पन्ना ढूँढेगा कहाँ? बाबूजी को भी यही बोला था."

"पीछे कौन आएगा, पंडाजी?"

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. बाबांनी खोडलेला तो शब्द मी पुन्हा वाचला. मग सासवड लिहिलं.

घरी येऊन हस्तलिखित बांधलं. प्रकाशकांना लिहिलं, की शेवटचं प्रकरण अपुरं राहिलेलं नाही. लेखकाने ते कोरं ठेवलं आहे, नावासकट तसंच छापावं. जमत नसेल तर परत पाठवावं. खाली पत्ता दिला : माधव नगर, उज्जैन.