मिंकचा शेवटचा हंगाम

"झाडांना भरवावं लागत नाही, गुरु. सुटलो बघ आपण दोघंही," म्हणत डेलने कॉफीचा कप गुरुनाथच्या हातात दिला आणि पिंजऱ्यांच्या रांगांकडे पाठ फिरवली.

अमेरिकेतल्या त्यांच्या राज्यात फरसाठी जनावरं पाळण्यावर बंदी आली होती. धंदा बदलणाऱ्या शेतकऱ्यांना सरकार मदत करणार होतं. म्हातारा डेल आता ख्रिसमसची झाडं लावणार होता.

मिंक म्हणजे मुंगसाच्या चणीचा, मऊ केसांचा प्राणी. त्याच्या खाण्यात काय मिसळायचं ते ठरवायला परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून शिकून आलेल्या गुरुनाथला डेलनेच ठेवलं होतं. व्हिसा त्याच नोकरीवर होता, ग्रीन कार्डाचा अर्जही; नोकरी गेली की देश सोडावा लागणार होता. घरी कुणी अंड्याला शिवत नव्हतं आणि हा दिवसभर मासळी-कोंबडीचा लगदा कालवायचा. महाराष्ट्र मंडळातले मोरेश्वरकाका त्यावरून त्याला हटकून चिडवायचे. आता चिडवायलाही काही उरणार नव्हतं. मदत मालकांना होती. नोकरांचं कायद्यात काहीच नव्हतं.

घरी त्याची बायको शैलजा पोळ्या लाटत होती. "सुटले बिचारे मिंक," ती म्हणाली. मग लाटणं थांबलं. "आणि आपण?"

"हळू बोल. नेत्रा ऐकेल."

नेत्रा पाचवीत होती. याच कायद्यासाठी ती दारोदार सह्या मागत फिरली होती. 'बाबा, वुई वन!' म्हणून ती गळ्यात पडली, तेव्हा गुरुनाथने पिझ्झा मागवला होता.

तिच्या बाईंनी त्याला मिंकविषयी सांगायला वर्गात बोलावलं. मुलं मांडी घालून बसली. ते मिंक आता कुठे जाणार, असं एकाने विचारलं. मुलांशी खोटं बोलणं गुरुनाथला जमत नसे. या हिवाळ्यात दरवर्षीसारखे तेही मारले जातील, पण वसंतात पिंजऱ्यात नवं पिल्लू जन्मणार नाही, असं त्याने सावकाश सांगितलं.

"आणि तुम्ही कुठे जाणार?" एका मुलीने विचारलं.

त्याने तोंड उघडलं, पण नेत्राच आधी बोलली. "ही विल ग्रो ख्रिसमस ट्रीज! विथ मिस्टर डेल!"

मुलं खुलली. बाईंनी खडू पुढे केला, म्हणून गुरुनाथने फळ्यावर झाड काढलं. मोठं व्हायला किती वर्षं लागतात, कुणीतरी विचारलं.

"सात-आठ."

"देन आय विल बी इन कॉलेज," नेत्राने मैत्रिणींना सांगितलं, "अँड आय विल कम होम अँड कट द फर्स्ट वन."

गुरुनाथने मान हलवली आणि पाठमोरा होऊन झाडाचं खोड आणखी थोडं जाड केलं.