चौथा ओटीपी

जवळा बाजारात अकरा वर्षं माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. माझा नियम एकच, एक खिडकी बंद केल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. माझा पहिला कॉम्प्युटर दोन गोष्टी एकदम उघडल्या की जागीच अडकायचा. तो भंगारात गेला, नियम राहिला. मला शिकवायला येणाऱ्यांचं मी कधी ऐकून घेतलेलं नाही.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. सरिता अंगणवाडी मदतनिसाचा अर्ज भरायला आली. शेवटचा दिवस, पाचला साइट बंद होणार. मागची भरती तिची एका दाखल्यापायी हुकली होती, म्हणून बिचारी सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलवर काढून घेऊन आली होती.

कागद मी कॉम्प्युटरवर घेतले. बारावीच्या गुणपत्रिकेवरचा नंबर हवा होता. मी अर्ज बंद केला, गुणपत्रिका उघडली, नंबर पाहिला, ती बंद केली, पुन्हा अर्ज उघडला. साइटनं ओटीपी मागितला. अर्जाला नंबर सासूचा दिलेला, म्हणून तो यायचा त्यांच्या मोबाइलवर आणि सासू द्वारकाबाई तिकडे बाजारात मिरच्या विकत बसलेल्या. सरितानं फोन लावला, त्यांनी आकडे वाचून दाखवले. मग रहिवासी दाखल्याचा नंबर. पुन्हा फोन. मग जन्मतारखेचा दाखला. पुन्हा फोन.

चौथ्या वेळी द्वारकाबाई स्वतःच मोबाइल घेऊन दारात आल्या.

"काहून रे विश्वंभर, किती डाव नंबर मागून राहिला? गिऱ्हाईक सोडून आले मी!"

"साइटच तशी हाय, मावशी."

"साइट न्हाई, काका," सरिता हळूच म्हणाली. "तुमी अर्ज बंद करून राहिलेत. दोन्ही उघडं ठेवा. आल्ट दाबून धरा अन् ट्याब मारा, इकडून तिकडं जाता येतं."

माझं डोकंच फिरलं. "अकरा वर्षं झाली मला हितं!"

"अन् पाचाला धा मिनिटं राहिलीत," द्वारकाबाई म्हणाल्या. "ऊठ तिथून."

उठलो. माझ्या खुर्चीत आजवर दुसरं कोणी बसलं नव्हतं. सरितानं माउसला बोटसुद्धा लावलं नाही. अर्ज, दाखला, अर्ज, दुसरा दाखला, पुन्हा अर्ज. पाचला तीन मिनिटं असताना पोचपावती आली. ती हसता हसता रडायला लागली. मला फार बरं वाटलं, आणि लाजही वाटली. माझ्या नियमापायी पोरीची ही भरतीपण गेली असती.

रांगेतले रामप्रसाद म्हणाले, "हिला नोकरी लागूच नये. हितंच बसवू, आमची कामं झटपट होतील."

"तिला लागणारच!" मी ओरडलो. "तुमची कामं मी करतो ना!" मग सरिताकडे वळून आवाज खाली घेतला.

"पोरी, ते पुन्हा एकदा दाखव. जरा हळू."