कोपराचं माप

लोकांच्या स्वयंपाकघरांची मापं घेणं हे माझं काम. लाकूडकामाच्या एका कारखान्यासाठी मी आराखडे काढते आणि खर्चाचा अंदाज देते. त्यासाठी लोकांची भांडी बघावी लागतात आणि भांड्यांआडची माणसंही. भांडी एक वेळ घासून निघतात.

अशाच एका घरी सिंकखालचं कपाट उघडलं तर भपकाराच आला. प्लाय भिजून फुगलेलं, पाइपला गुंडाळलेलं फडकं बुरशीने काळं पडलेलं, मागे झुरळांची अख्खी वसाहत. मी नाकाला रुमाल लावला.

"आता करायचं तर अस्सलच," घरमालक म्हणाला. "सगळं सागवान. प्लाय नाही, भुसा दाबलेल्या फळ्या नाहीत. हे काम आयुष्यात एकदाच होतं, मॅडम."

त्याची बायको लाकडाच्या नमुन्यांवरून बोटं फिरवत होती. मसाले कुठे ठेवता, असं मी विचारलं. तिने तीन दारं उघडून पाहिली आणि मग आत हाक मारली, "आत्या!" मोठमोठे बेत करणारी ही बाई स्वयंपाकघरात पाहुणी होती.

आत्या ओले हात पुसत आल्या. ठेंगणा बांधा, थोडी वाकलेली पाठ. मालकाच्या वडिलांची ही बहीण. त्याची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून नोकरी सांभाळून, लग्नाचा विचार सोडून यांनी त्याला वाढवलं. हे मला त्यानेच सांगितलं, आणि मोठ्या कौतुकाने. "आत्या म्हणजे माझी आईच," असं म्हणत त्याने चहाचा रिकामा कप तिच्याकडे न बघताच तिच्यापुढे धरला.

मग आम्ही खर्चाला बसलो. निम्म्याहून जास्त पैसे लाकडालाच जातील, मग ओट्याचा दगड, बिजागऱ्या, मजुरी, आणि भिंत फोडल्यावर आतून काय निघेल ते सांगता येत नाही, म्हणून थोडे बाजूला ठेवा, असं मी सांगितलं. बेरजेचा आकडा ऐकून लोक निदान पाणी तरी मागतात. हे दोघं मजेत होते.

"आत्याची ठेव आहे ना," मालक म्हणाला. "तिला कुठे लागतात पैसे?"

दुसऱ्याच्या जिवावर उदार होणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण त्या दुसऱ्यालाच समोर उभं करून इतकं बिनदिक्कत बोलणारा हा पहिलाच. माझ्या तोंडाला कडू चव आली.

"असू दे हो," आत्या मलाच समजावत म्हणाल्या. "सगळ्यांसाठीच तर होतंय. माझी मागची खोली कोठाराला देणार आहोत. मी मुलांच्या खोलीत झोपेन."

माझी एक पद्धत आहे. ओट्याची उंची मी छापील तक्त्यावरून घेत नाही. जी रांधते तिला उभं करायचं, हात कोपरात दुमडायला लावायचा आणि कोपराच्या खाली चार बोटं सोडून खूण करायची. इथे चुकलं की कितीही भारी लाकूड लावा, बाईची पाठ कामातून जाते. मी टेप काढला आणि आत्यांना पुढे बोलावलं. त्यांनी लगेच हात दुमडला.

"त्यांचं कशाला? माझं घ्या," बायको म्हणाली.

"रांधतं कोण?"

"सध्या त्याच करतात, पण..."

मालक बेरजेत बुडाला होता. मान वर न करताच तो बोलून गेला, "आत्याचं माप नको, मॅडम. ओटा बसेल तेव्हा ती तिकडे गेलेली असेल."

बायकोने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. आत्यांचा हात तसाच दुमडलेला होता.

"तिकडे म्हणजे कुठे रे?" त्यांनी विचारलं.

"अगं, सांगणारच होतो. छान जागा आहे. बाग आहे, वेळेवर जेवण, तुझ्या वयाची माणसं. आणि किचन होऊन ठेवीतलं जे उरेल ना, त्यात तिथली वर्षाची फी निघते. सगळं बरोब्बर बसवलंय मी."

गृहपाठ दाखवणाऱ्या मुलाच्या सुरात तो हे म्हणाला. त्याला खरोखरच शाबासकी हवी होती. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याच्याच पैशाने वैद्याची बोळवण चालली होती. मला शिसारी आली. सिंकखालच्या त्या घाणीचीही एवढी आली नव्हती.

आत्यांनी दुमडलेला हात खाली घेतला. कप गोळा केले, विसळले, पालथे घातले. मी लवकर निघावं म्हणून मालकाने ॲडव्हान्स माझ्या हातात कोंबला, आणि मीही तो घेतला. माझ्या रागावर कारखाना चालत नाही.

पुढच्या आठवड्यात आत्या कारखान्यात आल्या. ओट्यावर मी ठेवलेलं कार्ड त्यांनी जपून आणलं होतं.

"जुन्या मैत्रिणीच्या शेजारी एक खोली घेतलीय भाड्याने," त्या म्हणाल्या. "ठेव माझ्या नावावर, सही माझी. मी नाही मोडली. व्याजात भागेल. पण एक लहानसा ओटा हवाय, सुटा, उद्या खोली बदलली तर नेता येईल असा. सागवानाचा परवडेल का?"

एवढ्याशा ओट्याला लाकूड ते किती लागणार? परवडेल, म्हटलं. माप घेतलं, आराखडा काढायला बसले. मला इतका आनंद झाला होता की चहा मागवला आणि त्यांना आयता दिला.

"बाजूला एक घडीची फळी लावता येईल?" त्यांनी जरा संकोचून विचारलं. "उघडली की दोघांना जेवता येईल अशी. तो आला तर."

ओठावर आलेलं मी गिळलं आणि आराखड्यात फळी आखली. तेवढ्यात फोन वाजला. त्याचाच.

"मॅडम, आमचं बजेट जरा हललंय. सागवान राहू द्या. सगळं प्लायमध्ये किती होईल?"

"आत्या कशा आहेत?" मी मुद्दामच विचारलं.

"ती? रुसून गेलीय कुठेतरी. तिचं सोडा हो. दिलेला ॲडव्हान्स प्लायमध्ये वळता होईल ना?"

मी फोन ठेवला. मोबाइल पुसून घ्यावासा वाटला.

"तोच ना?" आत्या म्हणाल्या. "काय म्हणतो?"

"प्लायचा भाव विचारत होता."

त्या पुढचं ऐकायला थांबल्या. "आणखी काही?"

खोटं बोलावंसं खूप वाटलं. जमलं नाही. "ॲडव्हान्स वळता करा म्हणाला."

आत्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. आराखडा स्वतःकडे ओढून त्यांनी त्या फळीवर बोट ठेवलं.

"ही नको," त्या म्हणाल्या. "किती कमी होतील?"