गॅझेटमधलं नाव

ऐश्वर्यानं सोनेरी पेनानं कार्डावर 'महेंद्र' लिहिलं आणि पेन तसंच धरून विचारलं,

"आजी, बाबांचं नाव कोणी ठेवलेलं?"

भीमाबाई घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होत्या. उद्या खोपटच्या हॉलमध्ये पणतूचं बारसं होतं. 'हृधान' हे नाव नातसुनेनं, म्हणजे ऐश्वर्यानंच, इंटरनेटवरून शोधलं होतं. सोसायटीत अजून कुणाला ते धड उच्चारता येत नव्हतं, अर्थ मात्र सगळ्यांना पाठ झाला होता. आता घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं कार्ड पाळण्याभोवती लागणार होतं. त्यावर नावाचा अर्थ आणि ते कुणी ठेवलं, हेही.

"त्याचं त्यानंच ठेवलं," भीमाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

सोफ्यावरून तिचे सासरे, महेंद्र, ओशाळं हसले. "माझं आधीचं नाव दगडू. माजिवड्याच्या ऑफिसात लोक टिंगल करायचे. मग सरकारी गॅझेटमध्ये छापून बदलून घेतलं."

"दगडू? किती क्यूट!" ऐश्वर्या म्हणाली. तेवढ्यात बाळ रडलं आणि ती आत पळाली.

महेंद्रना ते कधीच क्यूट वाटलं नव्हतं. आधीची तीन मुलं गेली, याला तरी कुणाची नजर लागू नये म्हणून आईनं मुद्दाम तसलं नाव ठेवलं, एवढं त्यांना ठाऊक होतं. तरी लाज वाटायचीच. नाव बदलल्यावर एकदा पाहुण्यांसमोर आईनं 'दगडू' म्हटलं, तेव्हा ते तिच्यावर चक्क ओरडले होते. त्यानंतर चौतीस वर्षं तिनं त्यांना दगडू म्हटलं नाही आणि महेंद्रही म्हटलं नाही. सगळं 'अरे' आणि 'ऐकलंस का' यावर भागवलं. म्हातारीचा हट्ट, दुसरं काय, असं ते धरून चालले होते.

"आई, एवढा राग धरलास? एकदाही महेंद्र म्हणाली नाहीस."

"राग कसला रे. ते थोरल्याचं नाव होतं."

"कुठल्या थोरल्याचं?"

"तुझ्या थोरल्या भावाचं. दीड वर्षाचा झालेला. हाक मारली की धावत यायचा." हरभरे निवडणारा हात थांबला. "तुझे वडील झोपेत घ्यायचे ते नाव. तिथूनच पडलं असेल तुझ्या कानावर."

गेलेल्या तिघांची नावं काय होती, हे महेंद्रनी साठ वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू छापलेला कागद नि पेढे घेऊनच आलास. किती खुशीत होतास. लोक तुला त्या नावानं हाक मारायचे तेव्हा मी दाराकडं बघायचे. मग झाली सवय."

महेंद्र उठले आणि तिच्याजवळ फरशीवर बसले.

"आई, आता दगडू म्हण. कुणाहीसमोर म्हण."

भीमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ताट पुढं ओढलं.

"जीभच वळत नाही रे आता."