सेड्रिकचा न फुटलेला गोळा

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी इंग्लंडमधलं रॅगथॉर्प गाव लढाईत गेलेल्यांसाठी चर्चमध्ये दोन मिनिटं गप्प उभं राहायचं आणि उरलेला दिवस हॉलमध्ये चहा पीत ती कसर भरून काढायचं. तिथे टेबलांवर ज्याच्या त्याच्या घरची पदकं, पत्रं, पत्र्याच्या टोप्या मांडलेल्या असत. मानाचं टेबल सेड्रिक अर्कवेलचं. त्यावर पहिल्या महायुद्धातला अठरा पौंडी तोफेचा गोळा उभा असे. खाली पितळी नळकांडं, वर टोकदार डोकं, एकंदरीत तोरा असा की पाद्रीबाबासुद्धा त्याला वळसा घालून जात.

तो गोळा खोटा होता. म्हणजे गोळा अस्सल जुनाच, पण तालमीचा. नव्या रंगरूटांनी तोफ भरायचा सराव करावा म्हणून केलेला. डोकं लाकडाचं, पोटात दारूचा कण नाही, कुणाची गल्लत होऊ नये म्हणून नळकांड्याला चार आरपार भोकं आणि बुडाशी ‘सराव’ असा ठळक शिक्का. अकरा वर्षांपूर्वी लिलावात घेतला तेव्हा सेड्रिकने बूड पाहिलंच नाही. थेट दारूच्या गुत्त्यात जाऊन खरा गोळा मिळाल्याची दवंडी पिटली आणि घरी आल्यावर तो उलटा केला. आता शब्द मागे कसा घ्यायचा? त्याने भोकांत सुतारकामाची लांबी भरली, वर सोनेरी रंग फासला, बुडाला हिरवं बनातीचं कापड चिकटवलं. राहता राहिलं वजन. लाकडाचं डोकं ते, उचलायला हलकं. म्हणून सेड्रिक दरवर्षी तो गुडघ्यांत वाकून, कण्हत, दोनदा टेकवून हॉलमध्ये आणायचा. त्याची बायको डोरीन रात्री त्याच्या कमरेला मलम चोळायची, आणि हा चोळून घ्यायचा.

यंदा मात्र संग्राहक मंडळाचा अध्यक्ष नॉर्मन टिड्सवेल याने स्वतःचा गोळा आणला. खराखुरा, रिकामा केलेला, सोबत सरकारी कागद. तो शेजारच्याच टेबलावर पाहून सेड्रिकने खिशातून पेन काढलं आणि आपल्या पाटीवर एक ओळ वाढवली: ‘१९१७ साली झाडलेला, न फुटलेला.’

हॉलच्या नव्या चिटणीस मिस पिल्बीम यांनी ती ओळ चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि पोलिसांना फोन केला.

गाव बाहेर काढण्यात आलं. आधी चहाचं पिंप, मग केक, मग माणसं. क्रिकेटच्या मैदानावर, भुरभुर पावसात, लोकांनी आपणहून रांग लावली. ती चहाची की जीव वाचवण्याची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दीड तासाने लष्कराची गाडी आली आणि तिच्यातून सार्जंट मोइरा किनेर्ड उतरली. तिशीची स्कॉटिश बाई, चेहऱ्यावर रविवार बुडाल्याचा राग. ती आत जाऊन आली आणि तिने मालकाला बोलावलं.

“रंग नवा आहे, कागद नाहीत, सरावाची भोकं दिसत नाहीत,” ती म्हणाली. “मी धोका पत्करणार नाही. मागच्या शेतात नेऊन उडवून देते.”

ऐकताच टिड्सवेलने टोपी काढली. सगळ्या गावाने सेड्रिककडे अशा आदराने पाहिलं, की असा आदर त्याला साठ वर्षांत मिळाला नव्हता. गप्प बसायचं, बस. गोळा वीरासारखा जाईल आणि गुपितही त्याच्याबरोबर जाईल. पण अकरा वर्षं रोज फडक्याने पुसलेला तो गोळा उडवून देणार, या विचाराने त्याचा जीव तुटला. आणि गोळा उडाल्यावर गावावर लाकडाच्या ढलप्या पडणार, हेही त्याला दिसत होतं.

“नका उडवू,” तो म्हणाला. “तो सरावाचा आहे. लाकडाचा. भोकं मीच बुजवलीत.”

मैदानात शांतता पसरली. सकाळच्या दोन मिनिटांपेक्षाही ही चांगली पाळली गेली. मग सेड्रिक आणि सार्जंट आत गेले. त्याने खिशातल्या चाकूने लांबी कोरली, बनात सोलली. तिने गोळा उचलून एका भोकाला डोळा लावला आणि पलीकडच्या भोकातून टिड्सवेल दिसला, कारण तो दारातून डोकावत होता.

“आणि मिस्टर अर्कवेल,” गोळा एका हातात धरून बाहेर येत ती म्हणाली, “झाडलेला असता तर हे पितळी नळकांडं तोफेतच राहिलं असतं. विजार घालून कुठलाच गोळा जात नाही. ही ओळ तुम्ही लिहिलीत, आणि इतक्या जाणकारांतल्या एकालाही कळलं नाही?”

जाणकार आपापल्या बुटांकडे पाहू लागले. सार्जंटने डोक्याजवळची झिजलेली कड बोटाने चाचपली. खरा गोळा एकदाच जातो, ती म्हणाली, हा हजार वेळा तोफेत जाऊन परत आलाय, पोरांचे हात यावरच तयार झालेत. मग ती कागदावर सेड्रिकची सही घेऊन निघून गेली.

तेवढ्यात टिड्सवेलने सेड्रिकला बाजूला घेतलं. तो चक्क घामाघूम झाला होता. हे लाकडी गोळे झिजले की शिपाई शेगडीत घालत, त्यामुळे आता औषधालाही सापडत नाहीत, वीस वर्षं मी एक शोधतोय, असं तो कुजबुजत म्हणाला. “हा मला दे आणि माझा खरा घे. कागदासकट.”

खरा गोळा. सेड्रिकचा हात हस्तांदोलनासाठी पुढे झालासुद्धा. तेवढ्यात मागून डोरीन आली. गोळा तिच्या काखेत होता, बेकरीतल्या पावासारखा.

“लाकडाचा आहे हा?” तिने विचारलं.

“हो.”

“म्हणजे शेकोटीजवळ ठेवला तर काही होत नाही?”

सेड्रिकला आठवलं. गोळा बैठकीत, भिंतीतल्या शेकोटीच्या वरच्या कठड्यावर असे. जुन्या दारूचा नेम नाही, खाली जाळ नको, असं त्यानेच पहिल्या दिवशी ऐटीत सांगितलं होतं आणि स्वतः विसरून गेला होता.

“अकरा हिवाळे,” डोरीन शांतपणे म्हणाली, “मी त्या खोलीत कोट घालून विणत बसले, सेड्रिक. तुला वाटायचं मला तो कोट आवडतो.”

त्याला खरंच तसं वाटायचं. मागच्या नाताळात त्याने तिला दुसरा कोट आणला होता. साऱ्या गावापुढे वाटली नव्हती एवढी लाज त्याला आता वाटली. टिड्सवेलचा हात अजून पुढेच होता.

“तुझा खरा आहे ना रे, नॉर्मन?” सेड्रिकने विचारलं.

“शंभर टक्के.”

“मग नको. रिकामा असला तरी खऱ्याचा नेम नाही. आमच्याकडे आज शेकोटी पेटायचीय.”